प्रकरण अभ्यास: सहा वर्षांत नकोसं झालेलं घर

२०१९च्या सुरुवातीला ताईंचा फोन आला. "सगळं तोडून टाकू या. मला या घरात बसवत नाही."

या घराची अंतर्गत सजावट २०१३ मध्ये मीच केली होती. तीन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर. राहणारी माणसं पाच: ताई, त्यांचे मिस्टर (त्यांना मी दादा म्हणते), सासूबाई म्हणजे सगळ्यांच्या आजी, आणि दोन मुलं. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, धाकटा तीन. काम संपलं त्या दिवशी सगळे मनापासून खूश होते. आणि आता सहा वर्षांत 'बसवत नाही'.

मी जाऊन पाहिलं. मोठं असं काहीच बिघडलेलं नव्हतं. ओल नव्हती, वाळवी नव्हती, कपाटांचे प्लायवूडचे खोके काटकोनात होते. तरीही घरातल्या बाईला घर नकोसं झालं होतं, आणि ते खरं होतं. हे का झालं, याचा छडा न लावता मी पुन्हा हातोडा चालवला असता तर २०२५ मध्ये मला तोच फोन आला असता.

२०१३ मध्ये काय केलं होतं

त्या वर्षी जे सगळीकडे दिसत होतं तेच. हॉलला चारही बाजूंनी फॉल्स सीलिंग, त्याच्या खोबणीत लपवलेली एलईडी पट्टी. भिंतींना निळसर झाक असलेला करडा रंग. स्वयंपाकघरात आणि वॉर्डरोबला आरशासारखी चमकणारी हाय ग्लॉस शटर्स, म्हणजे कपाटांची दारं. टीव्हीमागे लाटांचा उठाव असलेलं पॅनल, आणि त्यात टीव्हीच्या मापाचा कोनाडा. ताईंनी दोन-अडीच महिन्यांत फोनवर जमवलेली चित्रं समोर ठेवून आम्ही बहुतेक निर्णय घेतले. यातलं कुठलं किती वर्षं पुरायला हवं, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि मीही विचारला नाही. तो विचारणं माझं काम होतं.

चित्रांच्या बाहेरच्या तीनच गोष्टी त्या घरात होत्या. एक, बिल्डरनं घातलेली साधी, फिकट मातकट मॅट फरशी. ती काढायला वेळ नव्हता म्हणून राहिली. दुसरी, हॉलच्या खिडकीखालची बैठक. तिथून जाणारा एक पाइप झाकायचा होता, म्हणून सुताराकडून ४५ सेंटिमीटर खोल आणि ४२ सेंटिमीटर उंच खोका करून घेतला आणि वर गादी टाकली. तिसरी, आजींची वाकवलेल्या लाकडाची, वेताच्या बैठकीची खुर्ची. ती त्यांच्याबरोबर आली होती. तिच्यासाठी मी आराखड्यात जागासुद्धा काढली नव्हती.

पट्ट्या

मी ताईंकडे १५ दिवस मागितले. पाचही जणांना दोन रंगांची कागदी चिकटपट्टी दिली. हिरवीचा अर्थ: हे गेलं तर चुकल्यासारखं वाटेल. पिवळीचा अर्थ: हे नको. अटी दोनच. एकमेकांशी चर्चा करायची नाही, आणि पट्टीवर कारण दोन-चार शब्दांत लिहायचं. तोंडी विचारलं की सगळे 'कंटाळा आला' म्हणतात. पेननं लिहायला लागलं की माणूस नेमकं बोलतो.

पंधरा दिवसांनी घरात शिरले तर पिवळा रंगच जास्त होता. पण कुठे होता, ते बघण्यासारखं होतं.

टीव्हीच्या कोनाड्यावर तीन पिवळ्या. दादांनी लिहिलं होतं, "वायरी". मूळ टीव्ही ४२ इंची, म्हणजे रुंदीला साधारण ९३ सेंटिमीटर. कोनाडा मी १०५ चा केला होता. २०१७ मध्ये तो टीव्ही बंद पडला आणि ५५ इंची आला. त्याची रुंदी १२२च्या आसपास. तो कोनाड्यात बसेना, म्हणून कोनाड्याच्या पुढे लटकवला. मागची वायरी लपवायची जागा निरुपयोगी झाली आणि चार वायरी पॅनलच्या लाटांवरून खाली लोंबत राहिल्या. दोन वर्षं रोज संध्याकाळी पाच माणसं त्या वायरींकडे तोंड करून बसत होती.

सीलिंगकडे बाण दाखवणारी धाकट्याची पट्टी: "दोन रंग". खरंच होतं. एलईडी पट्टीचा एक तुकडा २०१६ मध्ये जळाला. बदलून आणलेला तुकडा जरा पिवळट निघाला, कारण तशीच पट्टी पुन्हा मिळाली नाही. मोठ्यांनी ते स्वीकारलं होतं. नऊ वर्षांच्या मुलाला ते रोज दिसत होतं.

सिंकखालच्या शटरवर ताईंनी लिहिलं होतं, "कितीही पुसा". मी खाली बसून ते शटर जवळून पाहिलं. हात लागतो तिथे अंगठ्याएवढ्या जागेत बारीक गोल गोल ओरखडे होते. ते घाणीचे नव्हते, पुसण्याचे होते. चमकदार पृष्ठभागावर बोटं उमटतात, म्हणून तो रोज पुसावा लागतो, आणि पुसल्यानं त्याची चमक जाते. खालच्या कडेला एज बँड (कडेवर चिकटवलेली पातळ पट्टी) नखभर उचलली होती आणि आतलं एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) पाणी प्यायलेल्या पुठ्ठ्यासारखं फुगलं होतं. ते शटर दुरुस्त करता येण्यासारखं नव्हतंच. चमकदार थराला एका जागी हात लावला की तेवढा डाग कायमचा वेगळा दिसतो.

भिंतीवर ताईंची आणखी एक पट्टी: "आजारी वाटतं". हॉलमध्ये थेट ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड. तो निळसर करड्यावर पडला की भिंत मेल्यासारखी दिसते, आणि तिच्यापुढे बसलेल्या माणसाचा चेहराही. रंगाच्या दुकानातल्या कार्डावर यातलं काहीच कळत नाही.

आता हिरव्या. खिडकीखालच्या बैठकीवर तीन: आजींची, मुलीची आणि, मला अपेक्षा नव्हती, दादांची. आजींच्या खुर्चीवर दोन. आजींनी स्वतःच्या खुर्चीवर पट्टी लावलीच नव्हती. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "अगं, तिला कोण काढतंय?"

आणि फरशीवर एकही पट्टी नव्हती, ना हिरवी ना पिवळी. सहा वर्षं पाच माणसं तिच्यावर वावरली आणि तिच्याबद्दल कुणाला काही म्हणायचं नव्हतं. माझ्या मते फरशीला याहून मोठी शाबासकी नाही.

पट्ट्यांवरून काय कळलं

रोज तेच तेच पाहून वीट येतो, हे सर्वांत सोपं उत्तर. पण ते पुरेसं नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी उलटंच दाखवलं होतं: एखादी गोष्ट वारंवार नजरेसमोर आली की ती बहुधा जास्त आवडू लागते. आजींची खुर्ची तर सगळ्यांत जास्त वेळा पाहिलेली होती. मग पॅनलचाच वीट का आला?

आणखी एक मानसशास्त्रज्ञ डॅनियल बर्लाइन यांनी १९७१ मध्ये मांडलेला विचार मला इथे उपयोगी वाटतो. वस्तूतली गुंतागुंत वाढते तशी ती एका मर्यादेपर्यंत आवडत जाते. त्यापुढे ती अंगावर येते. पॅनलची अडचण अशी की ते पहिल्या नजरेत गजबजलेलं होतं, आणि दुसऱ्या नजरेत त्यात पाहण्यासारखं काही उरत नव्हतं. एकच लाट साच्यातून काढून बारा वेळा लावलेली. लाकडाच्या रेषा, विणलेलं कापड, वेताची जाळी यांचं उलट असतं. लांबून त्या शांत असतात, आणि जवळ गेलं की प्रत्येक वेळी काहीतरी नवं सापडतं.

पण खरं सांगायचं तर बहुतेक पिवळ्या पट्ट्यांवर सौंदर्याची तक्रार नव्हतीच. लोंबणाऱ्या वायरी, पुसत राहण्याचा वैताग, दुरुस्त न होणारी कड. माणूस 'घराचा कंटाळा आला' म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो अशा रोजच्या टोचण्यांची बेरीज सांगत असतो.

आणि त्या सगळ्या टोचण्या भिंतीत गाडलेल्या होत्या. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ब्रिटिश वास्तुतज्ज्ञ फ्रँक डफी इमारतीकडे थरांनी पाहायचे. सांगाडा साधारण ५० वर्षांचा. वायरिंग, नळ वगैरे सेवा १५ वर्षांच्या. आतल्या आडभिंती आणि फॉल्स सीलिंग ५ ते ७ वर्षांचं. फर्निचर तर सतत हलणारं. हे आकडे कार्यालयांचे आहेत, घरात ते लांबतात. पण क्रम तोच राहतो. मी २०१३ मध्ये नेमकं उलटं केलं होतं. जे सर्वांत लवकर बदलणार, म्हणजे टीव्हीचं माप, एलईडीचा रंग, त्या वर्षीची फॅशन, ते मी खिळे-सिमेंटच्या थरात बसवलं. आणि जे शांतपणे वीस वर्षं टिकलं असतं ते हलत्या थरात सोडून दिलं.

'सगळं बेज करा'

दादांचं म्हणणं सरळ होतं. "सगळं बेज करा, म्हणजे परत कटकट नको."

हा सल्ला मी खूप जणांकडून ऐकते, म्हणून थोडं थांबून लिहिते. २०१३ मध्ये करडा आम्ही याच कारणानं निवडला होता: कशावरही जातो, कधी जुना होत नाही. तटस्थ रंगाचीही फॅशन असते, आणि ती ओसरली की तो रंग तिच्या वर्षाचा शिक्का घेऊन उभा राहतो. रंग घाबरून निवडला की त्यात राहणाऱ्या माणसांचं काहीच उरत नाही, आणि आपलं काही नसलेलं घर टिकलं तरी कुणाला त्याची ओढ वाटत नाही.

म्हणून वाद रंगावरून काढून थरावर नेला. मुलीला खोलीत गडद हिरवी भिंत हवी होती. मी लगेच हो म्हटलं, कारण एक भिंत एका दिवसात पुन्हा रंगवता येते. तोच हिरवा तिनं वॉर्डरोबच्या लॅमिनेटमध्ये मागितला तेव्हा मी नको म्हटलं आणि कारण सांगितलं. तिला ते तिच्या वडिलांपेक्षा आधी पटलं.

हॉलसाठी सहा छटा निवडल्या. ६० बाय ६० सेंटिमीटरच्या सहा पाट्यांवर दोन-दोन हात मारले आणि त्या तीन दिवस घरात फिरवल्या: खिडकीजवळ, खिडकीच्या भिंतीला टेकून, कोपऱ्यात, सकाळी, दुपारी, दिवे लावून. पहिल्या दिवशी सगळ्यांना आवडलेली छटा तिसऱ्या दिवशी बाद झाली, कारण रात्री ती गुलाबी दिसायला लागली. शेवटी फरशीच्या मातकट रंगाशी नातं सांगणारा, किंचित उबदार पांढरा ठरला.

काय तोडलं, काय ठेवलं

ताईंनी 'सगळं तोडू' म्हटलं होतं. प्रत्यक्षात तीन गोष्टी तोडल्या: हॉलचं फॉल्स सीलिंग, टीव्हीचं पॅनल आणि स्वयंपाकघराची शटर्स. पॅसेजमधलं सीलिंग ठेवलं, कारण त्याच्या वर वायरिंग होतं आणि त्यावर कुणाची पट्टी नव्हती. हॉलची उंची २५ सेंटिमीटरनं वाढली. खोली मोठी झाल्यासारखी वाटते असं सगळे म्हणाले, आणि त्यासाठी काही नवीन लावावं लागलं नाही.

स्वयंपाकघराचे खोके तसेच ठेवून फक्त शटर्स बदलली. हे जमलं ते एका मापामुळे. लपलेल्या बिजागरीच्या वाटीचं भोक बहुतेक सगळीकडे ३५ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे नवं शटर जुन्या खोक्यावर बसतं. हँडलचंही तसंच. पूर्वीची हँडल्स वेगळ्याच मापाची होती. एक तुटल्यावर जोडी मिळेना. या वेळी १२८ मिलिमीटर अंतराची, म्हणजे ३२च्या पटीतली, घेतली. या मापाची हँडल्स कितीतरी जण बनवतात. दहा वर्षांनी ताईंना ती नकोशी झाली तर स्क्रू ड्रायव्हर आणि अर्धा दिवस पुरेल.

शटर्स मॅट लॅमिनेटची, आणि कडेला एज बँडऐवजी ८ मिलिमीटर जाडीची भरीव लाकडाची पट्टी. झीज नेहमी कडेपासून सुरू होते: हात तिथे लागतो, पाणी तिथे शिरतं, भांडं तिथे आपटतं. लाकडाची कड आपटली तर पॉलिश पेपरनं घासून पुन्हा तेल लावता येतं. ओट्याची उंची बदलली नाही. ताईंच्या कोपरापासून साधारण १२ सेंटिमीटर खाली होती आणि त्यांची पाठ कधी दुखली नव्हती.

टीव्हीच्या भिंतीत वायरींसाठी ५० मिलिमीटरचा रिकामा पाइप टाकला, टीव्हीच्या उंचीपासून खालच्या कपाटापर्यंत. भिंत सपाट. आता टीव्ही कुठल्याही मापाचा येऊ दे.

बाजूच्या भिंतीवर उभ्या पट्ट्यांवर अडकवायच्या फळ्या लावल्या, ज्यांची उंची हवी तेव्हा बदलता येते. जर्मन डिझायनर डीटर रॅम्स यांनी १९६० मध्ये रचलेली ६०६ ही फळ्यांची मांडणी आजही तयार होते आणि पूर्वी घेतलेल्या पट्ट्यांवर आजचे भाग बसतात. माझी कल्पना तिथूनच घेतलेली आहे.

दिव्यांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. खोबणीतला एकसारखा उजेड गेला; त्याच्या जागी २७०० ते ३००० केल्विनचे (म्हणजे उबदार, पिवळसर), रंग नीट दाखवणारे (सीआरआय ९०च्या वर) दिवे, वेगवेगळ्या बटणांवर. सगळे नेहमीच्या होल्डरचे, म्हणजे एक गेला तर तोच बदलायचा. जेवणाच्या टेबलावर एक लटकता दिवा, पृष्ठभागापासून ७५ सेंटिमीटर वर. तो मला फार आवडला होता. भिंतींत ठरल्यापेक्षा सहा सॉकेट जास्त काढले. दादांना ते उगाच वाटले.

सोफ्याला चेन लावलेले, काढून धुता येणारे कव्हर. बेडरूममध्ये रंगापलीकडे काही केलं नाही.

आजींच्या खुर्चीची वेताची बैठक सैल झाली होती, ती नव्यानं विणून घेतली. वाकवलेल्या लाकडाचं फर्निचर करणाऱ्या मिखाएल थोनेट यांची १८५९ची क्रमांक १४ची खुर्ची अजून बनते. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. आजींची खुर्ची त्याच घराण्यातली. लवकर झिजते ती बैठक, आणि ती सांगाड्याला धक्का न लावता बदलता येते. मला सहा वर्षं जे कळलं नव्हतं ते त्या खुर्चीत आधीपासून होतं. या वेळी आराखड्यात तिची जागा मी सर्वांत आधी काढली, खिडकीच्या बैठकीशेजारी.

चुकलं ते

काम २०१९च्या शेवटी संपलं. काही महिन्यांत सगळं जग घरात बसलं आणि या घराची परीक्षा कुणाच्याही अपेक्षेपेक्षा लवकर झाली. टेबलाचं ऑफिस झालं, मुलीच्या खोलीची शाळा. सहा जादा सॉकेट पहिल्याच आठवड्यात भरले. पण माझे उबदार दिवे दिवसभर वाचण्या-लिहिण्याला अपुरे पडले. मी संध्याकाळचा विचार केला होता, दुपारच्या कामाचा नाही. दोन टेबललॅम्प आणून वेळ निभावली.

स्वयंपाकघरात दोन उघड्या फळ्या माझ्या आग्रहानं लावल्या होत्या. तेलाची वाफ आणि धूळ मिळून त्यावर चिकट थर बसायचा. वर्षभरात ताईंनी त्यांना शटर करून घेतलं. त्यांचं बरोबर होतं. चुकलेलं काढता येईल असं तरी केलेलं होतं.

टेबलाच्या तेल दिलेल्या पृष्ठभागावर पहिल्याच महिन्यात पाण्याचं वर्तुळ उमटलं आणि दादा नाराज झाले. मी जाऊन २४० नंबरच्या पॉलिश पेपरनं रेषेच्या दिशेनं घासलं, कापडानं तेल लावलं. वीस मिनिटांत डाग गेला. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. तेव्हापासून ते काम तिचं.

२०२४: पुन्हा पट्ट्या

पाच वर्षांनी मी पुन्हा दोन रंगांच्या पट्ट्या घेऊन गेले. मुलगी आता १९ वर्षांची. तिची हिरवी भिंत दोन वर्षांतच विटकरी झाली होती आणि परत एकदा बदलली होती, प्रत्येक वेळी एका सुट्टीच्या दिवसात. फळ्यांवरची खेळणी जाऊन पुस्तकं आली होती, आणि सर्वांत खालची फळी काढून तिथे धाकट्याची सायकल टेकवलेली. सोफ्याचं कव्हर दुसरं. शटरच्या लाकडी कडा हात लागतो तिथे गडद आणि गुळगुळीत झाल्या होत्या. त्यावर ताईंची पट्टी होती, हिरवी: "इथे हात बसतो".

खिडकीच्या बैठकीवर पाच हिरव्या. फरशीवर या वेळीही काही नाही.

पिवळ्या तीनच होत्या. एक बाथरूमच्या नळाला, एक दरवाजामागच्या चपलांच्या कपाटाला, ते खरंच लहान पडतं. तिसरी माझ्या आवडत्या लटकत्या दिव्याला. धाकट्यानं लिहिलं होतं, "डोकं". टेबल आता खिडकीकडे सरकवलेलं होतं, कारण दिवसाचा उजेड तिथे चांगला मिळतो. दिवा मात्र जुन्याच जागी, जमिनीपासून दीड मीटरवर, खाली काहीच नसताना लटकत होता, आणि चौदा वर्षांचा मुलगा त्याच्याहून उंच झाला होता. बाकी सगळं हलतं ठेवलं आणि टेबल कधीच हलणार नाही असं मात्र मी धरून चालले होते.

पुढच्या आठवड्यात इलेक्ट्रिशियन येतोय. छतात एका रांगेत तीन हूक बसवायचे आहेत आणि वायर दोन मीटरनं लांब करायची आहे.